मरीआईचा गाडा आणि येसामाय

संपादकांचा निरोप आला की तुमच्या नोकरीतले अनुभव अंकासाठी लिहा, तेव्हा आमच्या घरात हसू पिकलं. "जन्मभर लोकांच्या विहिरीत डोकावलात, त्यात लिहिण्यासारखं काय आहे?" असं बायकोने विचारलं. तिचं खोटं नाही. निजामाच्या अमदानीत मी बीडकडच्या मुलखात विहिरींमध्ये औषध टाकायच्या कामावर होतो. माझ्या हुद्द्याचं उर्दू नाव एवढं लांबलचक होतं की ते ऐकून गावचे पाटील उठून उभे राहत, आणि काम काय ते कळलं की पुन्हा बसत. लोक मला दवाईवाला म्हणत. अजूनही रस्त्यात कुणी त्या नावाने हाक मारली तर मी वळून बघेन.

काम काय होतं ते आधी सांगतो. पटकी, म्हणजे ज्याला आता सगळे कॉलरा म्हणतात, ती पाण्यातून पसरते. एखाद्या गावात लागण झाली की आम्ही पोटॅशचे काळपट जांभळे खडे घेऊन तट्टावर बसून तिकडे निघायचं. खडे बादलीत विरघळवायचे, बादली दोराने विहिरीत सोडायची आणि पाणी जांभळट गुलाबी होईपर्यंत वरखाली हिसळत राहायचं. रात्रभर तसंच राहू द्यायचं. सकाळी थोडी छटा उरली असेल तर पाणी सुधारलं समजायचं, रंग साफ उडाला असेल तर पुन्हा दवा टाकायची. यात विद्या म्हणावी अशी काही नाही. अवघड होतं ते विहिरीपर्यंत पोचणं, कारण माझ्यात आणि विहिरीत सगळं गाव उभं असायचं.

चौसाळ्याला एकदा भर लग्नसराईत दवा टाकली. कुणीतरी नवरदेवाचं पांढरं धोतर त्याच पाण्यात खळबळलं आणि ते मातकट झालं. नवरदेवाचा मामा माझ्या तट्टामागे पार वेशीबाहेरपर्यंत पळत आला. मी काही थांबलो नाही. दिंद्रुडच्या एका दुकानदाराने उलट मला आग्रहाने घरी नेलं, पोटभर जेवू घातलं आणि मग हळूच विचारलं, "रंग पक्का हाय का ह्यो? फेट्याला चालंल का?" कच्चा आहे म्हटल्यावर त्याने पान काही पुढे केलं नाही. एका गावात तर दोन म्हातारे विहिरीच्या काठावर आडवे झाले आणि म्हणाले, "आधी आमच्यावरून जा." मी त्यांच्यावरून गेलो नाही. शेजारी बसून बिड्या ओढत राहिलो. ऊन चढल्यावर तेच उठून सावलीला गेले. या नोकरीत अकलेपेक्षा बैठक पक्की लागते, आणि ती माझी होती, असं मी थोड्याशा अभिमानाने सांगतो.

पण हे सगळं किरकोळ. त्या नोकरीने मला दिलेली एकच गोष्ट जपून ठेवावी अशी आहे, आणि ती म्हणजे येसामायची ओळख.

यापुढच्या दोन गावांची खरी नावं लिहीत नाही, कारण या गोष्टीतल्या घरांची नातवंडं तिथे नांदताहेत. नांदूरघाटच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत एक गाव आहे, त्याला वरगाव म्हणू. तिथला ओढा वाहत खाली ज्या गावाला जातो ते खालगाव. येसामाय वरगावची. गावाच्या अगदी कडेला, खालगावच्या वाटेवर, शिवेच्या अलीकडे तिचं खोपट होतं. जातीची धनगर. गळ्यात कवड्यांची माळ, हातात तुणतुणं, आणि आवाज असा की गावातल्या कुठल्याही घरात ती गायला लागली तरी वेशीवरच्या माणसाला शब्द न् शब्द कळावा. हा आवाज कुठून आणला असं मी तिला एकदा विचारलं. "मेंढरं न्हाई ऐकत बारक्या आवाजाचं," म्हणाली.

ती देवीची गाणी म्हणायची. नवरात्रात अंबाजोगाईला चालत जायची ती गातच जायची, गातच परत यायची. पण तिचं खरं गाणं ऐकायचं ते आजाऱ्याच्या उशाशी. पटकी झालेल्या माणसाच्या खोलीत सख्खा भाऊ पाऊल टाकायचा नाही, तिथे येसामाय मांडी घालून बसे. ओल्या फडक्याने तोंड पुसायची, घोटघोट पाणी पाजायची, घाण काढायची, आणि हे सगळं करताना तिचं गाणं चालू असे. पाटलाच्या वाड्यापासून वेशीबाहेरच्या वस्तीपर्यंत कुठलंच घर तिने कधी वगळलं नाही. गाणंही कसं, तर देवीशी गप्पा मारल्यासारखं. आई, लई दिस राहिलीस, आता उठ, ह्या घरात पीठ संपलंय, असं काहीबाही ती त्यात घालायची. मरायला टेकलेला माणूससुद्धा मधेच हसलेला मी पाहिला आहे.

तिची स्वतःची दोन लेकरं पटकीतच गेली होती. नवरा त्याआधीच गेला होता. हे मला कळलं तेव्हा मी तरुण होतो आणि जिभेला हाड नव्हतं. मी विचारलं, "जिने तुमची लेकरं नेली, तिचीच गाणी म्हणता?"

तिला राग आला नाही. म्हणाली, "ज्याच्या घरी आपली लेकरं ठिवलीत, त्याच्याशी भांडून कसं चालंल बाबा?"

मी देवभोळा माणूस नव्हे. पण त्यानंतर मी तिच्यासमोर देवीबद्दल उणा शब्द काढला नाही.

आता त्या उन्हाळ्याचं सांगतो. ओढ्याची धार करंगळीएवढी उरली होती. वरगावात पटकी आल्याची खबर लागली आणि मी दवा घेऊन पोचलो. गावात चार-पाच घरांत माणसं गेली होती, तेवढीच आणखी अंथरुणावर होती. सगळं गाव पिण्याचं पाणी एकाच विहिरीवरून भरायचं. पाटील पारावर बसले होते. मी विहिरीकडे जाऊ लागलो तशी त्यांनी हात आडवा केला.

"दवा ऱ्हाऊ द्या साहेब. मंगळवारी मरीआईचा गाडा काढायचाय. त्याच्या आधी इहिरीत काय टाकलं तर आई कोपंल."

"बरं, मंगळवारनंतर टाकतो."

"नंतर कशाला? नंतर आई गेल्यालीच आसंल की."

म्हणजे आधी टाकायची नाही आणि नंतर लागायची नाही. मी बसून राहिलो, पण ही गाठ बसून सुटण्यातली नव्हती.

मरीआईचा गाडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हातभर उंचीचा लाकडी गाडा असतो. त्यात देवीची मूर्ती, तिला हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, दहीभात. गावभर फिरवून तो शिवेपलीकडे, दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडून यायचा, म्हणजे रोगराई घेऊन देवी तिकडे गेली. त्या गावाने तो पुढच्या गावाच्या गळ्यात घालायचा. वरगावात यात आणखी एक रीत होती. तिथे गाडा गाण्यावर चालायचा. एक बाई पुढे गाणार आणि गाणं चालू आहे तोवरच गडी गाडा ओढणार. गाणं थांबलं की गाडा जिथे असेल तिथेच टेकायचा, आणि टेकला तिथे देवीचं ठाणं झालं. मग त्या खेपेला तो कुणी हलवायचा नाही. म्हणून गाणं शीव ओलांडून होईपर्यंत तोडायचं नसे. जी तोडेल तिने त्या तोंडाने पुन्हा देवीचं गाणं म्हणायचं नाही, असा दंडक होता.

गाड्यापुढे गायचा मान येसामायचा.

तिकडे खालगावाने ठरवलं होतं की यंदा गाडा हद्दीत येऊ द्यायचा नाही. मागच्या खेपेला तो आला आणि मागोमाग पटकी आली, हे ते विसरले नव्हते. ओढ्याचं पाणी वरून खाली येतं, पटकी त्यातून आली, हे मी दोन्ही गावांत सांगून पाहिलं होतं. दोन्ही गावांनी मला चहा पाजला आणि ऐकलं नाही. आता खालगावचे गडी काठ्या घेऊन शिवेवर बसणार होते. डोकी फुटणार, मग पोलिसांचे अमीनसाहेब शिपाई घेऊन येणार आणि पटकीतून वाचलेले बीडला हवालातीत जाणार, असा एकंदर रंग होता.

सोमवारी दुपारी मी येसामायच्या खोपटावर गेलो. ती शेंगा निवडत बसली होती.

"माय, मागच्या खेपेला गाडा तुम्हीच नेला होता ना?"

"मीच नेला. आन् मागनं मीच खालगावाला गेलते, माणसं सांभाळाया." तिने शेंगांतला खडा बाजूला टाकला. "एका घरात तीन लेकरं पडली व्हती. दारात गेले तर त्यांची आई म्हणली, तूच आणलीस तिला आन् आता तूच सांभाळाया आलीस व्हय? मी म्हणलं, व्हय. दुसरं काय म्हणू?"

"वाचली का लेकरं?"

"एक वाचलं."

ती पुन्हा शेंगा निवडू लागली. मग मी म्हणालो, "गाव तुमचं ऐकतं. विहिरीत दवा टाकू द्या म्हणून सांगा. गाडा राहू द्या."

"गाडा ऱ्हायला तर गाव घाबरून मरंल. आन् मी न्हाई गायले तर दुसरी कुणी गाईल. ती काय शीव वलांडल्याबिगर थांबायची न्हाई." तिने तुणतुण्याकडे पाहिलं. "थांबवायचा तर मधी गाणं तोडावं लागतंय. म्हंजी गळाच द्यावा लागतोय बाबा. दुसरं काय हाय माझ्याकडं?"

गळ्याचं मला काय कळणार? मी औषधाचे खडे वाहणारा माणूस. जाताना तिने मला विचारलं, "तुझी दवा आईला चालती का?"

"आईचं मला ठाऊक नाही, माय. पाणी तेवढं स्वच्छ होतं."

"मंग चालंल," ती म्हणाली. "पावणीला सोच्छ पाणी लागतंच की."

मंगळवारी ऊन कलल्यावर गाडा निघाला. पुढे येसामाय, तिच्यामागे झांजा वाजवणाऱ्या बाया, मग गाडा, मग सगळं गाव. मी माझी बादली घेऊन सगळ्यांच्या शेवटी. ती अशी गात होती की आजवर मी ऐकलेलं तिचं गाणं म्हणजे नुसती गळा साफ करायची तयारी होती असं वाटलं. बायका रडत होत्या. गड्यांची पावलं तिच्या तालावर पडत होती. गल्ल्या संपल्या, वेस गेली, तिचं खोपट आलं. तिथून शीव हाकेच्या अंतरावर होती, आणि शिवेवर खालगावचे गडी काठ्या घेऊन उभे दिसत होते.

गाड्याच्या गाण्याची शेवटची ओळ त्या मुलखात सगळ्यांना पाठ होती. उठ माये आता, ओलांड ही शीव, पल्याड लेकरं, लावती तुला जीव. शीव दिसू लागली की हीच पुन्हा पुन्हा म्हणायची. येसामायने ती उचलली. "उठ माये आता, ओलांड ही शीव, पल्याड लेकरं..." आणि ती थांबली.

आधी कुणाला कळलंच नाही. झांजा दोन वेळा वाजल्या आणि गप्प झाल्या. गडी एक पाय उचललेला तसेच उभे राहिले.

पाटील पुढे आले. "माय, दम लागला का? म्हणा की. शीव अजून ऱ्हायलीय."

"टेकवा," येसामाय म्हणाली.

"कावून पर? कावून थांबलात?"

"गाणं तुटलंय, पाटील. टेकवा गाडा. माझ्या दारात टेकवा. आई माझ्याकडं पावणी ऱ्हाईल." मग ती गाड्याकडे वळून, शेजारणीशी बोलावं तशी बोलली, "माझी दोन लेकरं तुझ्याकडं हायती. तू माझ्याकडं ऱ्हायलीस तर काय बिघडलं?"

मागून एक गडी दुसऱ्याला म्हणाला, "म्हातारी येडी झाली का बे?" पाटलांनी वळून नुसतं पाहिलं तसा तो गप्प झाला. रीत ती रीत. गाडा तिच्या दारात टेकला. शिवेवरचे गडी काही काळ तसेच उभे होते. मग त्यांनी काठ्या खाली केल्या आणि ते एकेक करत घरी गेले.

देवी गावातच राहिली म्हटल्यावर वरगावचं तोंडचं पाणी पळालं. आता काय करायचं, असं सगळे येसामायलाच विचारू लागले, कारण पाहुणी तिची. तिने सांगितलं, "आईच्या न्हाणीला सोच्छ पाणी पायजे. ह्या दवाईवाल्याला इहिरीवर न्या." आणि जे गाव मला इतके दिवस बसवून ठेवत होतं त्याने मला जवळजवळ उचलूनच विहिरीवर नेलं. पाणी गुलाबी व्हायला लागलं तशी एक म्हातारी घाबरून म्हणाली, "रगत हाय का गं हे?" येसामाय म्हणाली, "कुंकवाचं पाणी म्हण." आमच्या साहेबांनी हे ऐकलं असतं तर मला नोकरीवरून काढलं असतं. मी बादली हिसळत राहिलो.

पुढे लागण कमी होत गेली आणि पाऊस पडायच्या आधी थांबली. दवेने थांबली की देवीने, हे मला विचारू नका. पगार मी दवेचा घेत होतो. त्या साली खालगावात पटकी गेली नाही एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो.

गावाने दंडक पाळला. येसामायला पुन्हा कुणी गायला बोलावलं नाही. तिच्या जागी जी बाई आली तिचा आवाज बिनतेलाच्या रहाटासारखा होता, पण गाव ऐकून घेत होतं. गाड्यातली देवी येसामायने पाहुणी म्हणून खोपटात घेतली होती, म्हणून तिथे पाऊल टाकायला लोक भीत. आजारी माणसांकडे ती जायची, पण मुकी जायची. मला याचं फार वाईट वाटे, आणि रागही यायचा. ज्या बाईने दोन गावांची डोकी आणि पोरं वाचवली, तिला असं वागवायचं? मी तिच्यापाशी गावाला शिव्या घालू लागलो की ती मलाच दटावायची. "रीत मला ठाव व्हती. ठाव असून तोडलं."

एकदा तिच्या ओसरीवर बसलो होतो. आसपास चिटपाखरू नव्हतं. मी म्हणालो, "माय, इथे कोण ऐकतंय? म्हणा एखादं."

"आई ऐकती की," ती म्हणाली. "घरातच हाय."

त्यानंतरच्या एका नवरात्रात मी विहिरी पाहायला खालगावाला गेलो. दुपारची वेळ होती. एका घराच्या अंगणातून देवीचं गाणं ऐकू येत होतं, म्हणून डोकावलो. अंगणात बायका गोल करून बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध येसामाय तुणतुणं वाजवत होती. घर त्याच बाईचं, जिने एके काळी दारात उभी करून तिला बोल लावला होता. शिवेवर काय झालं ते तिला समजल्यावर ती स्वतः वरगावाला गेली होती आणि त्या खोपटात न भिता शिरली होती. म्हणाली होती, "तुमाला म्हणता येत न्हाई तर आमी म्हणतो. तुमी नुसत्या येऊन बसा." तेव्हापासून नवरात्रात खालगावच्या बाया तिला घेऊन जात.

मी कडेला बसलो. बायका मनापासून म्हणत होत्या, पण शब्द इकडचे तिकडे होत होते आणि चाल तर वाटच सोडून चालली होती. येसामायच्या गळ्यातून जे ऐकलं होतं त्याच्यापुढे हे ऐकवेना. गाणं संपल्यावर मी सरकून तिच्याजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "माय, तुणतुणं वाजवलेलं चालतं का?"

"त्याला कशाचा दंडक? त्यानं कुटं गाणं तोडलं?"

"पण ह्यांची चाल चुकतेय. निदान ती तरी सांगा."

"चुकू दे," ती म्हणाली. बायकांनी पुढचं गाणं उचललं होतं. तिने बोटाने तार छेडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जलमभर मीच म्हणत ऱ्हायले बाबा. आईचं गाणं बसून ऐकाया मला कधी गावलंच न्हवतं."